स्टोरी गेम की मल्टीप्लेअर गेम? फरक काय, आत काय चालतं आणि तुमच्यासाठी कोणता



प्ले स्टोअरवर फ्री गेम्सची यादी उघडा. बहुतेक ठिकाणी एकच मसाला दिसेल: समोरच्याला हरवा, रँक वाढवा, उद्या परत या. दुसरीकडे यूट्यूबवर भलतेच गेम चालतात. कोणीतरी तासन् तास एखादी कथा खेळून दाखवतो आणि आपण ती सिनेमासारखी बघतो. मग साहजिक प्रश्न पडतो, की चांगला गेम म्हणजे नक्की कोणता? ज्यात कथा आहे तो, की ज्यात खेळायला मजा येते तो?

मी खराडीत एका कंपनीत सर्व्हरच्या बाजूचं सॉफ्टवेअर लिहितो. गेम बनवणं हे माझं काम नाही. पण सर्व्हर, नेटवर्क आणि डेटा या गोष्टींशी रोजचा संबंध असल्यामुळे या दोन प्रकारांत आतून किती फरक आहे ते मला नीट दिसतं. तो फरक कळला, की आपले पैसे, डेटा आणि वेळ कुठे जातो तेही कळतं. या लेखात तेच बघू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण 'स्टोरी गेम' आणि 'मल्टीप्लेअर गेम' असे दोनच कप्पे करतो. खरं तर हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न: एकट्याने खेळायचा की इतरांसोबत? दुसरा प्रश्न: तुम्हाला पुढे काय ओढतं, कथा की खेळण्याची क्रिया? दोन्ही एकत्र केले की चार कप्पे होतात.

- एकट्याने, कथेसाठी: 'राजी', 'द लास्ट ऑफ अस', 'अनचार्टेड'. पुढे काय होणार हे कळावं म्हणून आपण खेळतो.
- एकट्याने, खेळासाठी: 'टेट्रिस', 'सबवे सर्फर्स', 'कँडी क्रश'. १९८४ मध्ये बनलेल्या टेट्रिसला कथाच नाही, तरी तो आजही खेळला जातो.
- अनेकांसोबत, खेळासाठी: 'बीजीएमआय', 'फ्री फायर', 'लुडो किंग'.
- अनेकांसोबत, कथेसाठी: 'इट टेक्स टू' (२०२१). हा गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही, आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जोडप्याची कथा आहे.

म्हणजे 'मल्टीप्लेअर म्हणजे कथा नाही' हे समीकरण चूक आहे. तरीही फोनवर पहिला आणि चौथा कप्पा रिकामा-रिकामा का वाटतो? त्याचं उत्तर पैशांत आणि यंत्रणेत आहे. त्याआधी आपल्याच शहरातली दोन उदाहरणं बघू.

पुण्यातलं पहिलं उदाहरण: राजी

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून निधी मागितला होता, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

कथा सरळ आहे. राजी ही खेळ-कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. देवी दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दाखवले आहेत, आणि वाटेतल्या भिंतींवरची चित्रं थांबून बघितली की पुराणातल्या गोष्टी ऐकायला मिळतात. साधारण चार-पाच तासांत गेम संपतो.

'संपतो' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

पुण्यातलं दुसरं उदाहरण: इंडस

सुपरगेमिंग हीसुद्धा पुण्याचीच कंपनी. 'मास्कगन' आणि 'सिली रॉयल' हे त्यांचे आधीचे मल्टीप्लेअर गेम. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी 'इंडस' हा बॅटल रॉयल अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला. येण्याआधीच १ कोटीहून जास्त लोकांनी त्यासाठी नोंदणी केली होती.

इंडसलाही कथा आहे. विरलोक नावाचा ग्रह आहे, सिंधू संस्कृती लोप न पावता भविष्यात गेली असती तर कशी दिसली असती अशी कल्पना आहे, आणि कॉस्मियम नावाची मौल्यवान वस्तू आहे. सामन्याच्या शेवटी हे कॉस्मियम मिळवूनही जिंकता येतं. पण कथेची जागा बघा. राजीमध्ये कथा हा रस्ता आहे, ती सोडून पुढे जाताच येत नाही. इंडसमध्ये कथा हे मैदानाचं नेपथ्य आहे. ती अजिबात माहीत नसली तरी तुम्ही सामना जिंकू शकता.

दोन्ही स्टुडिओ एकाच शहरातले, दोघांची प्रेरणाही भारतीय. तरी आत दोन पूर्ण वेगळ्या यंत्रणा आहेत.

स्टोरी गेमच्या आत काय चालतं?

स्टोरी गेम म्हणजे, अगदी सोप्या भाषेत, खूप सारे 'हो/नाही' लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम. दार उघडलं का? हो. अमुक माणसाशी बोललात का? नाही. या नोंदींना फ्लॅग म्हणतात. तुम्ही गेम बंद करता तेव्हा हे फ्लॅग, तुमची जागा आणि तुमच्याकडचं सामान एका छोट्या फाइलमध्ये लिहिलं जातं. तीच तुमची सेव्ह फाइल. गेम कित्येक जीबीचा असतो, पण तुमची प्रगती त्यामानाने अगदी थोड्या जागेत मावते.

मग 'तुमच्या निर्णयाने कथा बदलेल' अशी जाहिरात करणारे गेम कसे चालतात? हिशेब करू. १० ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले, आणि प्रत्येकातून कथा खरोखर वेगळी नेली, तर २ चा १० वा घात म्हणजे १,०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील. प्रत्येकाचे संवाद, आवाज, ॲनिमेशन वेगळं. हे कोणालाच परवडत नाही. म्हणून लेखक फांद्या फुटू देतात आणि थोड्या वेळाने त्या पुन्हा एकाच खोडाला आणून जोडतात. मधले दोन-चार संवाद बदलतात, मुख्य प्रसंग तेच राहतात. ही फसवणूक नाही, कारागिरी आहे. पण कळलं की गेमकडे बघायची नजर बदलते.

मल्टीप्लेअरच्या आत काय चालतं?

इथे गेम तुमच्या फोनमध्ये असतो, पण 'खरं काय घडलं' हे सर्व्हर ठरवतो. तुमचा फोन सांगतो, 'मी डावीकडे वळलो, गोळी मारली.' सर्व्हर सगळ्यांचे असे निरोप गोळा करतो, निकाल काढतो आणि सगळ्यांना कळवतो. समजा हे सेकंदाला ३० वेळा होतंय, तर दर ३३ मिलिसेकंदांनी एक निकाल.

तुमचा निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. पुणे ते सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद. मधले राउटर आणि मोबाइल टॉवर धरले की प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच वाढतात. पण सर्व्हर सिंगापुरात असेल, तर तुम्ही कितीही महागडा फोन घ्या, ते ४० मिलिसेकंद कमी होणार नाहीत.

आता सगळ्यांची आवडती तक्रार: 'मी भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली!' समजा समोरच्याचा पिंग १०० मिलिसेकंद आहे. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही काही क्षणांपूर्वी जिथे होता तिथेच दिसता. त्याने त्याला दिसलं तिथे बरोबर नेम धरला. सर्व्हर थोडा मागे जाऊन तपासतो, 'त्या क्षणी याला तसं दिसत होतं का? हो. मग गोळी लागली.' तुम्ही सेकंदाला ६ मीटर धावत असाल तर १०० मिलिसेकंदांत ६० सेंटीमीटर पुढे जाता, म्हणजे जवळजवळ दोन फूट. तेवढ्यात तुम्ही भिंतीआड पोचलेले असता. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

खराडीत याचा एक नेहमीचा अनुभव येतो. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला ईऑन आयटी पार्कच्या आसपास जेवणाची सुट्टी होते आणि हजारो फोन एकदम जागे होतात. फोनवर सिग्नलचे सगळे दांडे दिसतात, तरी पिंग लाल. कारण दांडे सांगतात की टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय. टॉवरला तुमच्याकडे बघायला किती फुरसत आहे हे ते सांगत नाहीत. तसंच चंदननगरहून पीएमपीच्या बसने स्टेशनकडे जाताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारत राहतो, आणि प्रत्येक उडीला पिंग उसळू शकतो. बसमध्ये रँक्ड सामना लावू नये. बसमध्ये स्टोरी गेम खेळावा.

डेटा, बॅटरी आणि जागा

- स्टोरी गेम: एकदाच मोठं डाउनलोड, नंतर बरेचसे गेम नेटशिवाय चालतात. खरेदी करण्याआधी वर्णनात 'ऑफलाइन' लिहिलंय का ते बघा.
- मल्टीप्लेअर: सामन्याला डेटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी लागतो, कारण चित्रं फोनमध्येच असतात. येतात-जातात ते फक्त निरोप. समजा सेकंदाला २५ केबी, तर अर्ध्या तासाला साधारण ४५ एमबी. व्हॉइस चॅट लावलं की वाढतो. खरा डेटा खातात ते अपडेट्स.
- बॅटरी: दोन्ही प्रकार ग्राफिक्ससाठी बॅटरी खातात. मल्टीप्लेअरमध्ये मोबाइल रेडिओ सतत चालू असतो, म्हणून फोन आणखी तापतो.

फोनवर मल्टीप्लेअरच का जास्त?

एक साधा हिशेब बघा. स्टोरी गेममध्ये तुम्हाला एक तास गुंतवायचं तर स्टुडिओला एक तासाचा मजकूर बनवावा लागतो: लेखन, आवाज, ॲनिमेशन, नवी जागा. तुम्ही तो एकदा खेळता आणि पुढे जाता. मल्टीप्लेअरमध्ये एक मैदान बनवलं की तेच मैदान हजारो वेळा खेळलं जातं, कारण दर वेळी समोरची माणसं वेगळी असतात. नवीन मजकूर तुम्हीच एकमेकांसाठी तयार करता. गल्ली क्रिकेटसारखंच: बोळ तोच, पण प्रत्येक मॅचची गोष्ट वेगळी.

मोठे स्टोरी गेम किती अवघड असतात याचंही एक उदाहरण जवळचंच आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली. २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं.

पण मल्टीप्लेअरचीही एक अट आहे: गर्दी. १०० जणांचा सामना एका मिनिटात लागायचा, तर दर मिनिटाला १०० नवे खेळाडू हवेत. त्यात ३ मोड आणि ५ रँक धरले तर १५ वेगळ्या रांगा, म्हणजे मिनिटाला १,५०० खेळाडू. पहाटे तीनला कुठून आणायचे? म्हणून अनेक गेम रिकाम्या जागा बॉट्सनी भरतात. पहिल्याच दिवशी तुम्ही दहा जणांना मारलंत तर एवढं हुरळून जाऊ नका, त्यातले बरेच बॉट असू शकतात.

पैसे कुठे जातात?

स्टोरी गेम बहुधा एकदाच पैसे घेतो. मल्टीप्लेअर फुकट येतो आणि नंतर स्किन, पास, क्रेट अशा वाटांनी घेतो. दुसऱ्या पद्धतीत एक गोम आहे: दर वेळी रक्कम छोटी असते, म्हणून बेरीज कळत नाही. मी माझ्या फोनवर एक साधा नियम ठेवलाय. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये महिन्याचं बजेट टाकायची सोय आहे, ती वापरतो आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायला लावतो. ते दोन सेकंद पुरतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मल्टीप्लेअर गेम आणि पैसे लावून खेळायचा गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. 'जिंका आणि कमवा' म्हणणारा गेम कोणी फॉरवर्ड केला तर त्यापासून लांबच राहा.

कथा आणि खेळ भांडतात तेव्हा

बऱ्याच गेम्समध्ये एक गंमत होते. कथेतला नायक सज्जन, दुःखी, रक्तपाताला कंटाळलेला असतो. पण खेळताना तोच शेकडो जणांना आरामात मारतो. या विसंगतीवर गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये 'बायोशॉक'च्या निमित्ताने लिहिलं, आणि तेव्हापासून गेमच्या जगात तिला स्वतंत्र नावच मिळालं आहे. कथा एक सांगते, बोटं दुसरंच करतात.

उलट उदाहरण हवं असेल तर फोनवरचा 'फ्लोरेन्स' (२०१८) बघा. फ्लोरेन्स आणि क्रिश यांची प्रेमकथा, एका बैठकीत संपते. दोघं पहिल्यांदा बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्यासाठी तुम्हाला कोड्याचे बरेच तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात आणि बोलणं सहज होतं. एकही संवाद न वाचता कळतं, की आता यांचं जमलं. इथे कथा आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत. माझ्या मते चांगल्या गेमची हीच खूण. कथा किती मोठी आहे यापेक्षा तुमची बोटं जे करतात त्यात ती उतरते का, हे बघावं.

आपल्या भाषेचं काय?

मल्टीप्लेअरला भाषा फारशी लागत नाही. नकाशा आणि बाण कळले की झालं, आणि टीममधली पोरं मराठीत बोलतातच. स्टोरी गेमला मात्र भाषा लागतेच. राजीला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) मध्ये तर आपला पश्चिम घाट आणि होयसळांचं हळेबीडू आहे, पण तो बनवला कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओने. मराठीत पूर्ण खेळता येईल असा मोठा स्टोरी गेम अजून माझ्या हातात पडलेला नाही.

यामागे बाजार आहेच, पण एक तांत्रिक अडचणही आहे. 'स्थिती' हा शब्द घ्या. संगणकात पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते, पण दाखवताना अक्षराच्या आधी काढावी लागते, आणि 'स' व 'थ' जोडावे लागतात. फोनचं अँड्रॉइड हे व्यवस्थित करतं. पण गेम इंजिन स्वतःची अक्षरं स्वतः काढतात, आणि युनिटीसारख्या लोकप्रिय इंजिनाच्या नेहमीच्या टेक्स्ट साधनात ही जोडणी अनेक वर्षं नव्हती. मग वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं तुटतात. अनरियलसारख्या इंजिनात हे बरंच सोपं आहे. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल आणि प्रोजेक्ट शोधत असेल, तर हा विषय नक्की बघा.

गेम कोणाच्या हातात आहे?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर भारतात बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. या सगळ्यात खेळणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. रँक, स्किन, मित्रांची यादी, सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद की गेम बंद, मग तुम्ही त्यात कितीही पैसे घातलेले असोत.

ऑफलाइन स्टोरी गेमची फाइल तुमच्याकडे असेल तर तो दहा वर्षांनीही सुरू होऊ शकतो. पण इथेही सावध राहा. महिन्याच्या वर्गणीतून मिळणारे गेम वर्गणी संपली की जातात, आणि जुने मोबाइल गेम नव्या अँड्रॉइडवर चालतीलच असं नाही.

मग निवडायचा कसा?

'कथा की खेळ' असं विचारण्याऐवजी डाउनलोड करण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. मध्येच थांबवता येतो का? आईने हाक मारली, स्टॉप आला, क्लास सुरू झाला. स्टोरी गेम पॉज होतो. मल्टीप्लेअर सोडला तर टीमचे तीन जण अडकतात.

२. संपतो का? राजी संपतो. रँक कधीच संपत नाही, दर सीझनला खाली येते. परीक्षेच्या दिवसांत संपणारा गेम निवडा.

३. कोणासाठी खेळताय? शाळेतले मित्र आता वेगवेगळ्या शहरांत असतील, तर रात्रीचे दोन सामने ही गप्पा मारायची उत्तम जागा आहे. लॉकडाउनमध्ये लुडो किंगवर घरोघरी हेच झालं. फक्त एकटेपणा घालवायला अनोळखी लोकांशी खेळत असाल तर मात्र तो वाढतोय की कमी होतोय, हे स्वतःच तपासा.

४. उद्या सर्व्हर बंद झाला तर काय उरेल? उत्तर 'काहीच नाही' असेल तरी हरकत नाही, मजा ही मजाच असते. फक्त तेवढेच पैसे घाला जेवढे विसरता येतील.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*साध्या फोनवर स्टोरी गेम चालतात का?* हो. 'मॉन्युमेंट व्हॅली' आणि 'फ्लोरेन्स'सारख्यांना भारी फोन लागत नाही. ज्यात खरंखुरं मोठं शहर फिरायचं आहे अशांना जास्त रॅम आणि जागा लागते.

*स्टोरी गेमचा व्हिडिओ बघितला तर खेळायची गरज उरते का?* कथा कळेल, पण 'फ्लोरेन्स'मधले ते तुकडे तुमच्या बोटांनी जुळणार नाहीत. बघून समाधान होत असेल तर त्या गेममध्ये खेळ कमी आणि सिनेमा जास्त होता असं समजा, आणि पैसे दुसऱ्या गेमसाठी ठेवा.